अळनी जेवन अन् माहं रक्त

आमच्या आसपासच्या पाच गावात ज्याचं रक्त नागपूरच्या मशिनीत जाऊन येते, असा मी एकलाच मानूस हावो. बाकीच्याइचं डोकं जाग्यावर हाय, म्हून त्याइच्या रक्ताले कोनी विचारत नाई.

मी शाळेत गेलो नाई. म्हंजे एक दिवस गेलतो, दुसऱ्या दिवशी मास्तर सोता मले घरी आनून सोडून गेला अन् मायले म्हनला, "बाई, ह्याले ढोराइकडे पाठवा, पन ढोराइले सांभाळून." म्हून हे माही पोरगी वंदना लिवून राह्यली. मी बोलतो, ते लिवते. दवाखान्यातल्या सिस्टरबाई म्हनल्या होत्या, "लच्छूभाऊ, तुम्ही बोलता खूप. तेच जरा कोणाकडून लिहून घ्या, नवीन पेशंटला धीर येईल." धीर द्याचं काम मले भेटलं हे आयकून माही बायको सुमन येवढी हासली का तिले ठसका लागला.

माहा आजार असा हाय का मानूस कवा चढते, कवा उतरते. चढला तं त्याच्यासारखा राजा नाई. उतरला तं कोन्यात तोंड घालून पडते अन् म्हनते, मी मरत काऊन नाई. दोन्हीच्या मधात धरून ठेवाले लिथियम नावाची गोळी हाय. गोळी चांगली हाय, पन तिचा स्वभाव माह्या सासूसारखा. कमी भेटली तं काम करत नाई, जास्त झाली तं मानसालेच खाते. मधातली जागा लय बारीक. त्या जागेवर मानूस हाय का नाई, हे रक्त काडूनच पाहा लागते. आता ह्या गोळीनं मले जगवलं, अन् ह्याच गोळीपायी माह्या घरात काय झालं, ते सांगतो.

वंदीच्या लग्नाचं आवतन

आजार कवा सुरू झाला मले मालूम नाई. चढलेल्या मानसाले आपुन चढलो हे कळत नाई, त्याले वाट्टे बाकीचे सारे बसून राह्यले. झोप लागे नाई. भूक लागे नाई. डोक्यात येवढे इचार येत का पयला संपाच्या आंधी दुसरा ढकलाढकली करे. त्यातलाच एक इचार, का वंदीचं लगन करून टाकाचं.

सायकल काडली अन् गावोगाव आवतन देत फिरलो. "येत्या सोमवारी या जी, पंगत हाय, नवरदेव वडशाचा हाय." लोकं इचारत, "पोरगा काय करते?" एका गावात म्या सांगतलं रेल्वेत हाय. दुसऱ्या गावात मास्तर. तिसऱ्या गावात जातपर्यंत म्या त्याले तहसीलदार करून टाकला होता. पोट्टी तवा बारावीत होती अन् नवरदेव कुठीच नवता.

सोमवारी लोकं आले. नाई आले असते तं हासून सोडून देल्लं असतं. पन आले. बाया चांगले लुगडे नेसून, हातात भांडेकुंडे घेऊन, लेकराइले तेल-पावडर लावून आल्या. सुमन दारात उभी. प्रत्येकाले हात जोडून म्हने, "लगन नाई जी. ह्याइची तब्येत बरी नाई." दिवस बुडतपर्यंत तेच. मी मांगं अंगनात पंगतीच्या चुली मोजून राह्यलो होतो. एका बुढीनं आनलेला गडवा परत नेला नाई. "आनलेली वस्तू वापस नेत नाई बाई, पोरीच्या नावानं ठेव," म्हनली. त्या गडव्यानं पानी पेतानी आमच्या घरात कोनी कोनाच्या तोंडाकडं पाहत नाई.

वंदीले म्हनलो, हे नाई लिवलं तरी चालते. ती म्हनली, "लिवते बाबा. पाच गावाइले मालूमच हाय, आता कोनापासून लपवता?"

मंग मले जीपमधी टाकून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. एका बाजूनं बुढा, म्हंजे माहा बाप, दुसऱ्या बाजूनं सुमन, अन् मधात मी भाषन देत. डॉक्टरीनबाईनं इचारलं, "झोप किती लागते?" मी म्हनलो, "झोप म्या गरीब लोकाइले वाटून टाकली." तिनं ते लिवून घेतलं. मले वाटलं, बाईले माहं बोलनं पसंत पडलं.

सारं इचारून झाल्यावर ती सुमनले म्हनली, "हा आजार आहे ताई. यांनी मुद्दाम केलेलं नाही हे." तवा सुमन रडली. लोकाइले दारातून वापस पाठवतानी जी रडली नवती, ती तिथी खुर्चीवर बसून पदरात तोंड घालून रडली. बाहेर आल्यावर मले म्हनली, "आजार हाय म्हन्ते. मले वाटलं, तुमी असेच हा."

बुढ्यानं डॉक्टरीनबाईले एकच गोष्ट इचारली. "बाई, हा कोशाच्या राखनीले रानात जाऊ शकन का?"

उपाशी पोट

रक्त द्याची एक रीत हाय. रात्री गोळी घ्याची, सकाळची घ्याची नाई, अन् रातच्या गोळीले बारा घंटे झाले का रक्त द्याचं. सीधी गोष्ट हाय. पन सीध्या गोष्टीले वाकडी कराले मी बसलोच हावो.

आमच्या गावात ज्याइले शुगर हाय, ते उपाशी पोटी रक्त द्याले जातात. त्यातल्या एकानं मले समजावलं, "पोटात कनबी नाई पायजे लच्छू, नाईतं मशीन चुकते." म्या इमानदारीनं पोट रिकामं ठेवलं. जेवन नाई, चहा नाई. अन् रातची गोळीबी नाई. गोळीबी पोटातच जाते ना.

रिपोर्ट आला तं आकडा पार खाली. डॉक्टरीनबाईनं सुमनकडं पाह्यलं. "हे गोळ्या घेत नाहीत का?"

"घेतात जी. मी सोता हातात देते."

मी छाती काडून म्हनलो, "रोज घेतो बाई. फक्त रक्ताच्या आदल्या राती नाई घेतली. पोट साफ पायजे म्हून."

बाईनं पेन खाली ठेवला. "लच्छूभाऊ, रक्तात आम्ही ती गोळीच तर शोधतोय."

"मंग तसं सांगाचं ना बाई. मले वाटलं, आजार शोधता."

ती हासली नाई, पन सिस्टरबाई औषधाच्या कपाटाकडं तोंड करून उभी राह्यली अन् तिचे खांदे हालत होते.

पुढच्या बारीले पाईंट सात आलं. बरोबर हाय म्हने. म्या घरी येऊन सांगतलं, पाईंट सात. वंदीनं समजावलं का पाईंट सात म्हंजे एकाच्याबी खाली. म्हंजे मशिनीनं माही लायकी बरोबर काडली.

लेकरं

आमी ढिवर. तलावातले मासे अन् जंगलातला कोसा, दोन्ही आमचे धंदे. कोसा म्हंजे रेशीम. त्याचे किडे येनाच्या झाडावर चढवाचे, त्याइले पाला खाऊ द्याचा, अन् ते आपल्याभवती कोसा विनतपर्यंत राखन कराची. कावळा, माकड, मुंगी, गांधीलमाशी, साऱ्याइले तो किडा गोड लागते. म्हून तिथीच झोपडी टाकून राहा लागते अन् दिवसभर गुलेल हातात ठेवा लागते.

आमच्या घराण्यात राखनीचे नियम कडक. दाढी नाई कराची. पायात चप्पल नाई. अंगाले तेल नाई. अन् जेवन अळनी. मिठाचा खडा जिभेले लागला का त्या मानसानं त्या रानात पाय ठेवाचा नाई. तिथी त्याइले किडा म्हनाचं नाई, लेकरू म्हनाचं. लेकराइले खारं सोसत नाई, असं बुढा सांगे. बुढ्याले त्याच्या बापानं सांगतलं. लेकराइले कोनी इचारलं नाई.

आता डॉक्टरीनबाईनं पयल्याच दिवशी सांगतलं होतं, "पाणी भरपूर प्या. मीठ एकदम बंद करू नका." म्या मुंडी हालवली. मले वाटलं, हे शहरातल्या लोकाइसाठी हाय, जे बारीक व्हाले मीठ सोडतात. आमचं अळनी तं देवाधरमाचं. त्याले दवाखान्यात कोन मोजते? अन् बाईनंबी इचारलं नाई का लच्छूभाऊ, तुमी किड्यापायी मीठ सोडता का. कोनती डॉक्टरीन असं इचारन?

त्या साली भादव्यात पावसानं दडी मारली. ऊन असं का येनाचा पाला दुपारी लोंबून जाये. मी उघडाबोडका झाडाखाली बसून घामानं भिजत होतो, अळनी भात खात होतो, अन् रातची गोळी एकबी दिवस चुकवत नवतो. रक्ताची तारीख आली तं म्या म्हनलो, कोसा उतरल्यावर देऊ. लेकरं कात टाकून राह्यले, त्याइले सोडून कसा जाऊ?

पयले हात कापाले लागले. कावळ्यावर नेम धरो तं खडा माह्याच पायावर पडे. कावळ्याइलेबी समजलं. ते माह्यासमोरच्या फांदीवर बसून आरामात पंख साफ करत. मंग हगवन लागली. मंग उलट्या. मंग पाय असे पडाले लागले का दारू पेल्यावानी.

बुढा, तोबी हंगामभर अळनीच, डबा घेऊन आला. मले लांबूनच पाह्यलं अन् भडकला. "मोहाची पेऊन राखन करते का बे?"

मी "नाई" म्हनलो. पन तोंडातून जे निंगालं ते "नाई" नवतं. बुढ्यानं जवळ येऊन माह्या तोंडाचा वास घेतला. परत घेतला. मंग त्याचा चेहरा उतरला. दारूचा वास आला असता तं त्याले बरं वाटलं असतं.

नसातून

दवाखान्यात रक्त काडलं. ह्या बारीले आकडा दोनाच्या वर. मशिनीनं पाईंटच काडून टाकला होता.

डॉक्टरीनबाईनं इचारलं, "खाण्यात काय होतं?" सुमन म्हनली, "अळनी. राखनीत अळनीच खातात जी." बाई खुर्चीत बसली. मंग सुमनले समजावून सांगतलं, "ही गोळी म्हणजेसुद्धा एक प्रकारचं मीठच आहे ताई. अंगाला रोजचं मीठ मिळालं नाही, घामातून होतं तेही गेलं, तर अंग या मिठाला धरून बसतं. बाहेर जाऊच देत नाही. मग त्याचं विष होतं."

माहं अंग माह्यासारखंच. जे सोडाचं तेच धरून बसलं.

तिथी मले खरं भेव लागलं. चढलो होतो तवा भेव नवतं, उतरलो होतो तवा मराची घाई होती. ह्या बारीले डोकं अंदरून जागं होतं अन् अंग माह्या कह्यात नवतं. पंखा फिरताना दिसे, दोन दिसत. आपले पाय मले दुसऱ्याचे वाटत. वंदी उशाशी बसून म्हने, "बाबा, माहं नाव सांगा." मले नाव आठवे. जीभ उचले नाई. "वं… वं…" येवढंच. जिचं नाव म्या सायकलवर गावोगाव बोंबलत फिरलो, तिचं नाव मले तिच्या तोंडासमोर घेता येईना.

इथी वंदीनं लिवाचं थांबवलं. उठून पानी पेऊन आली. म्हनली, "सांगा पुढं."

हाताले सलाईन लावली. बुढ्यानं बाटलीकडं बोट दाखवून सिस्टरबाईले इचारलं, "यात काय हाय जी?"

"मीठ-पाणी आहे, बाबा."

बुढा बाटलीकडं पाहत राह्यला. थेंब थेंब पडताना पाह्यला. मंग सुमनच्या कानाशी जाऊन म्हनला, "तोंडातून नाई गेलं ना? नसातून गेलं. मंग चालते." येवढं बोलून तो मले आनलेल्या गाडीनंच वापस रानात गेला. लेकरं एकले होते ना तिथी.

बाजूच्या खाटेवर एक कोतवाल होता. त्याच्या बायकोनं मले दोन दिवस पाह्यलं, तिसऱ्या दिवशी सुमन भात घ्याले गेली तवा तिनं आपल्या डब्यातलं वरन-भात कालवून घास माह्या तोंडात देल्ला. खारं वरन. म्या डोळे मिटून खाल्लं. सिस्टरबाई म्हनली, "इतक्या चवीनं वरण खाणारा पेशंट मी पहिल्यांदाच पाहतेय." त्या बाईचं नाव म्या इचारलं नाई. इचारता येत नवतं. दुसऱ्या दिवशी कोतवालाले सुट्टी भेटली अन् ती गेली.

बोलनं वापस आलं. त्याचा घरच्याइले येवढा आनंद नाई झाला जेवढा पायजे होता. पाय वापस आले. हात अर्धेच आले. अजूनबी चहाचा कप हातात घेतला का आजूबाजूचे लोकं सरकून बसतात.

गोळी बंद केली होती. दुसरी देऊन पाह्यली, ती पचली नाई. अन् एक दिवस सकाळी सकाळी म्या सायकल काडून चकचकीत पुसाले लागलो. गाना म्हनत. सुमननं पाह्यलं अन् सायकलचं चाक काडून शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवलं. मंग तीच गोळी परत सुरू झाली, बारीक करून, अन् रक्त जास्त वेळा. डॉक्टरीनबाईनं तवा सांगतलेलं तुमालेबी सांगतो, भाऊ. मीठ सोडाचं नाई, कोन्या देवासाठी नाई. उपास असो, नवस असो, आंधी दवाखान्यात इचाराचं. हगवन-उलटी लागली तं घरी पडून राहाचं नाई. कंबर दुखते म्हून दुकानातून गोळी आनून गिळाची नाई. अन् रक्ताच्या आदल्या राती गोळी घ्याची. ही गोष्ट तुमाले मालूम असन, मले नवती.

खारा अन् अळनी

अळनी बंद, म्हंजे रान बंद. पुढच्या हंगामात मी खारा मानूस झालो.

म्या बुढ्याले म्हनलो, "सरकारी रेशीम केंद्रातले लोकं खारं खाऊनच राखन करतात. त्याइचे किडे कुठी मरतात?"

बुढा म्हनला, "त्याइचे किडे सरकारी हायेत. त्याइले सवय हाय."

माय म्हनली, "एक साल कोसा नाई केला तं काय होईन?" बुढा अंगनात बसून झोपडीसाठी बांबू तासत राह्यला. त्याचे गुडघे गेलते. एका डोळ्यात मोतीबिंदू. त्याले कावळा दिसे नाई, कावळ्याचा आवाज आयकून गुलेल मारे. पन दाढी वाढवली, चप्पल काडली अन् गेला.

डबा नेऊन द्याचं काम माह्याकडं. रानाच्या शिवेवर एक मोठा दगड हाय, त्याच्यावर डबा ठेवाचा अन् हाक माराची. मी खारा, म्हून अंदर जाचं नाई. "बाबाऽऽ" म्हनो, अन् झाडाइतून "होऽऽ" येये. मंग लांबूनच गोष्टी.

"रक्त देल्लं का बे?"

"देल्लं!"

"किती आलं?"

"पाईंट सहा!"

"बरं हाय ना?"

"बरं हाय!"

"मंग जाय आता. उभा नोको राहू. तुहा वास जाते लेकराइले."

आजारानं आमचं बोलनं झालं तं असं झालं, जंगलात, बोंबलून. आंधी घरात एका खाटेवर बसून आमी दोघं कवा येवढं बोललो नवतो.

कोसे विनाले सुरुवात झाली होती. दोन-चार दिवसात सारे किडे कोशात गेले असते अन् बुढा घरी आला असता. त्या दिवशी म्या डबा ठेवला, हाक मारली. "होऽऽ" आला नाई. परत मारली. वरून एक होला उडून गेला. मी दगड ओलांडून अंदर पळालो, चप्पल घालून, सकाळी आंबील पेलेला, पुरा खारा.

बुढा एका येनाच्या बुडाशी टेकून बसला होता. गुलेल मांडीवर. अंग भट्टीवानी. डोळे उघडे होते. त्यानं मले पाह्यलं, माह्या पायाकडं पाह्यलं, अन् म्हनला, "मीठ खाऊन अंदर काऊन आला बे?"

"बाबा, चाला. गाडी बोलावतो."

"विनून राह्यले ना ते. दोन दिवस थांब."

म्या त्याले उचललं. हाताले कंप असा का दोन बार तो माह्या हातातून घसरला. दुसऱ्यांदा घसरला तवा तो म्हनला, "हळू." तो मले म्हनला का लेकराइले, का फांदीले धक्का नोको लागू देऊ म्हनला, मले समजलं नाई. सडकेवर आनून त्याले पळसाच्या सावलीत ठेवलं अन् गावात फोन लावला.

गाडी आली. तवा आमाले घाई नवती.

तेरवी व्हाच्या आंधीच माय अन् सुमन टोपले घेऊन रानात गेल्या. सुतकात. पायात चप्पल घालून, भाजी-भाकर खाऊन. म्या मायले म्हनलो, "माय, नियम हाय." ती म्हनली, "नियमवाला गेला." दोघीजनी कोसे उतरवून घेऊन आल्या. टनक, मोठे, हाताले दगडावानी लागत. एकबी लेकरू मेलं नवतं. माह्यासमोर टोपलं ठेवलं तं म्या एकेक कोसा हातात घेऊन दाबून पाह्यला. लेकराइले बुढ्याच्या अळनीचं काई पडलं नवतं. माह्या मिठाचंबी काई पडलं नवतं. म्या खारं खाऊन सारा हंगाम तिथी राखन केली असती तरी ते असेच टनक निंगाले असते.

लाईन

त्या दिवसात गोळी सुमन माह्या जिभेवर ठेवे अन् पानी पाजे. मले सुद नवती, म्हून मी गिळत गेलो. मंग रक्ताची तारीख आली. सारे मले घेऊन जिल्ह्याच्या गावी गेले. सुमन, वंदी, अन् मायबी आली. बुढा गेल्यापासून माय कुठीच गेली नवती, त्या दिवशी कोनी न सांगता येऊन गाडीत बसली.

रक्त काडतात तिथी लांब लाईन होती. माहा नंबर आला. रक्त काडनारा पोऱ्या म्हनला, "बाही वर करा, भाऊ." म्या दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"नाई देत."

"काऊन?"

काऊन ते मले मालूम होतं, रोज रात्री तेच डोक्यात फिरत होतं. सारं मोठ्यानं निंगालं. "ह्या रक्तापायी माहा बाप गेला. ही गोळी नसती तं मीच रानात असतो अन् तो घरी खाटेवर असता. माह्या जाग्यावर गेला तो. माह्यासाठी मेला. आता रक्तबी नाई देत अन् गोळीबी नाई घेत. जे व्हाचं ते होऊ द्या."

वंदीनं माही बाही धरली, म्या झटकली. ती भिताडाकडं तोंड करून रडाले लागली. सुमन खाली पाहत उभी. तिले मालूम होतं गोळी सोडली तं काय होते. तिनं दारात उभं राहून ते पाह्यलं होतं, अन् परत पाहाची ताकद तिच्यात उरली नवती, हे तिच्या तोंडावर लिवलं होतं. मांगून लाईनीतला एकजन बोलला, "भाऊ, द्या नाईतं बाजूले व्हा, मले ड्यूटीवर जाचं हाय." सिस्टरबाई आली, "लच्छूभाऊ, इकडे बघा," म्हनली. म्या पाह्यलं नाई. मले वाटत होतं, मी लय मोठं काईतरी करून राह्यलो. बापासाठी करून राह्यलो.

माय बाकड्यावरून उठली. काठी टेकत आली अन् माह्यासमोर उभी राह्यली. पुऱ्या वऱ्हांड्याले आयकू जाईन अशा आवाजात बोलली, "तुह्यासाठी मेला म्हनतं? तू जल्मला तवा रानातून पंधरवड्यानं तुहं तोंड पाहाले आला होता तो. तुह्या लग्नाले आला नाई कोसा सोडून. तुह्यासाठी मराले त्याले टैम कुठी होता रे? कर हात पुढं."